अस्वलाच्या मुलखात कोणतं पिस्तूल? १० एमएम, .४५ की सरळ डेझर्ट ईगल?

कॅस्केडकर

जुलैअखेर अलास्कात केनाई द्वीपकल्पावर आठ दिवस जायचं ठरतंय. निम्मे दिवस नदीत उतरून सॅमनची मासेमारी, उरलेले दिवस पाठीवर सामान घेऊन चालणं. त्या भागात ब्राउन बेअर आणि काळी अस्वलं दोन्ही आहेत. हातात गळ असताना रायफल खांद्यावरून घसरत राहते आणि काठावर टेकवून ठेवली तर ती नसल्यात जमा. म्हणून पिस्तुलाचा विचार.

बेअर स्प्रे घेणारच आहोत, त्यामुळे "स्प्रे घ्या" एवढाच प्रतिसाद देऊ नये ही विनंती. :) रिव्हॉल्व्हरचं गणित माहीत आहे. इथे सेमी-ऑटोमॅटिकबद्दलच बोलू. डोळ्यासमोर ग्लॉक २०, स्मिथ अँड वेसनचं १० एमएममधलं एम अँड पी, १० एमएममधलं एखादं १९११ (जुन्या घडणीचं पिस्तूल) आणि एका मित्राच्या हट्टापायी डेझर्ट ईगल. राहणं सिअ‍ॅटलजवळ, दोघांकडे ग्रीन कार्ड, तिसरा एच-१बी वर.

पुंगळी

आधी काडतूस ठरवा, मग पिस्तुलाची यादी आपोआप दोन-तीन नावांवर येते.

१० एमएम ऑटो १९८३ मध्ये ब्रेन टेन या पिस्तुलासोबत बाजारात आलं. स्वीडनच्या नॉर्मा कंपनीचा मूळ भार (काडतुसातल्या गोळी-दारूचं माप) होता २०० ग्रेनची गोळी १२०० फूट प्रतिसेकंद वेगाने. एक ग्रेन म्हणजे ०.०६५ ग्रॅम, म्हणजे १३ ग्रॅमची गोळी साधारण ३६५ मीटर प्रतिसेकंद. पुढे एफबीआयने हे काडतूस घेतलं, पण धक्का जड जातो म्हणून दारू कमी करून घेतली. तो सौम्य भार छोट्या पुंगळीतही (काडतुसाच्या पितळी कवचातही) मावतो म्हटल्यावर १९९० मध्ये .४० एस अँड डब्ल्यू हे नवं काडतूस जन्माला आलं. हा इतिहास सांगायचं कारण असं की आजही दुकानात "१० एमएम" लिहिलेल्या बऱ्याच पेट्यांत तोच सौम्य भार असतो: १८० ग्रेन, १०३० फूट, ऊर्जा ५७५ जूलच्या आसपास. म्हणजे पैसे १० एमएमचे आणि माल .४० चा. अस्वलासाठी हव्या त्या पेटीवर २०० किंवा २२० ग्रेन आणि ११५० ते १२०० फूट असं छापलेलं असतं. २२० ग्रेन १२०० फुटांनी म्हणजे सुमारे ९५० जूल.

तुलनेला: साधं .४५ एसीपी, २३० ग्रेन ८५० फूट, ५०० जूल. .४४ मॅग्नम, २४० ग्रेन १३५० फूट, १३०० जूल. बारा बोअरच्या बंदुकीचा एक औंसाचा स्लग (छऱ्यांऐवजी एकच जाड गोळी) ३२०० जूलच्या घरात. त्यामुळे "पॉवरफुल" हा शब्द पिस्तुलाच्या बाबतीत जरा हात राखूनच वापरावा. कमरेला लावता येणारं कुठलंही हत्यार मोठ्या ब्राउन बेअरसाठी कमीच पडतं. ते घ्यायचं ते अंगावर राहतं म्हणून.

नेमाड्या

डेझर्ट ईगलचं दोन ओळींत आटपू. रिकामं वजन दोन किलो, .५० एई या जाड काडतुसात सात गोळ्या. ऊर्जा १९०० जूलच्या पुढे, इथवर मित्र बरोबर आहे. पण ते गॅसवर चालतं. नळीतून गॅस घेणारं छिद्र उघड्या शिशाने चोंदतं, म्हणून बिनजॅकेटच्या, म्हणजे वर तांब्याचं आवरण नसलेल्या, शिशाच्या गोळ्या त्यात चालत नाहीत. मनगट जरा ढिलं पडलं की पुढची गोळी अडकते. वाळू आणि नदीचं पाणी तर त्याला मुळीच मानवत नाही. रेंजवर मजा येते. मित्राला तिथे न्या.

.४६० रोलंड कोणी सुचवायच्या आत तेही सांगतो. हे आणखी एक काडतूस. .४५ च्या पिस्तुलात नळी बदलून आणि तिच्या तोंडाशी धक्का कमी करणारा कॉम्पेन्सेटर लावून ते बसवतात, पुंगळी .४५ एसीपीपेक्षा एक-षोडशांश इंच लांब असते. ताकद .४४ मॅग्नमच्या जवळ जाते हे खरं, पण काडतुसं केनाईवरच्या सोल्डोट्ना गावातल्या दुकानात मिळतील याची खात्री नाही आणि सुटे भाग जुळवत बसण्याचा छंद असेल तरच ते पिस्तूल भरवशाचं राहतं.

अरण्यवाचक

विनंती वाचली, तरी स्प्रेचे आकडे मांडतो, कारण पिस्तुलाची निवड त्यावरच अवलंबून आहे.

अलास्कातल्या घटनांवर दोन अभ्यास सगळीकडे उद्धृत होतात. २००८ चा स्प्रेवर: १९८५ ते २००६ मधल्या ८३ घटना, ब्राउन बेअरच्या बाबतीत ९२ टक्के वेळा स्प्रेने त्रासदायक वर्तन थांबलं. जवळून गाठ पडलेल्यांपैकी ९८ टक्के माणसं बिनजखमी. २०१२ चा बंदुकांवर: २६९ घटना, हँडगन ८४ टक्के आणि लांब नळीच्या बंदुका ७६ टक्के यशस्वी. त्यातली खरी महत्त्वाची ओळ वेगळीच आहे: बंदूक जवळ असलेल्यांनी ती वापरली काय नि न वापरली काय, जखमी होण्याच्या प्रमाणात लक्षणीय फरक दिसला नाही. कारणं तीच ती. काढायला वेळ मिळाला नाही, सेफ्टी उघडली नाही, गोळी अडकली, नेम चुकला, मध्ये सोबती उभा होता.

नेमाड्या

@अरण्यवाचक, आकडे बरोबर, पण ते शेजारी शेजारी ठेवून तुलना करता येत नाही. स्प्रेच्या घटनांत कुतूहलाने जवळ आलेली, डब्यात तोंड घालणारी अस्वलंही मोजली आहेत. बंदुकीच्या नोंदी बहुतेक प्रकरण हातघाईवर आल्यावरच्या. आणि ज्या वेळी बंदुकीने निमूटपणे काम भागलं, त्याची नोंद कोण करतो?

अरण्यवाचक

मान्य. म्हणूनच ९२ विरुद्ध ८४ असं म्हटलं नाही. मुद्दा एवढाच की दोन्ही जवळ असतील तर कुठल्या हाताला काय, हे आधी ठरलेलं हवं. स्प्रे घेताना डब्यावर "बेअर" लिहिलेलं पाहा. माणसांसाठीचा पेपर स्प्रे चालत नाही. किमान २२५ ग्रॅम, फवारा किमान ६ सेकंद आणि २५ फूट म्हणजे साडेसात मीटर जाणारा, कॅप्सायसिनॉइड १ ते २ टक्के. मुदत छापलेली असते. मुदतीनंतर तिखट तसंच राहतं पण दाब उतरतो, मग फवारा पायापाशी पडतो. आणि समोरून वारा असेल तर तो आपल्याच डोळ्यांत. पिस्तुलाचं काम तिथे सुरू होतं.

कॅस्केडकर

धन्यवाद, हे उपयोगी आहे. (तरी स्प्रेवर आलातच.) आता गोळीबद्दल. घरातल्या संरक्षणाला हॉलो पॉइंट सगळे सांगतात. अस्वलालाही तेच का नाही? आणि हार्ड कास्ट म्हणजे नक्की काय?

पुंगळी

हॉलो पॉइंट उघडते, फुलाच्या पाकळ्यांसारखी पसरते आणि थांबते. ती माणसाच्या देहासाठी बेतलेली असते. एफबीआयच्या मापाने चाचणीच्या जिलेटिनमध्ये ती १२ ते १८ इंच जाते. अस्वलाच्या बाबतीत आधी ओले जाड केस, मग कातडी, चरबी, खांद्याचा प्रचंड स्नायू आणि मग हाड. पसरलेली गोळी चरबी-स्नायूतच दम तोडते. इथे गोळीने पसरू नये, वाकू नये, तिरकी होऊ नये, सरळ आत जात राहावं, एवढीच अपेक्षा.

हार्ड कास्ट म्हणजे शिशात अँटिमनी आणि कथील मिसळून ओतलेली कठीण गोळी. नाक गोल नको, सपाट हवं. गोल नाकाची गोळी तिरप्या हाडावरून घसरते, आणि समोरून येणाऱ्या अस्वलाची कवटी तिरपीच असते. सपाट नाक हाडाला कडेने धरतं आणि आत गेल्यावर मार्गही कमी बदलतं. बफेलो बोअर आणि अंडरवुड दोघांचे २२० ग्रेनचे भार सर्वाधिक चालतात. फेडरलचा २०० ग्रेनचा सॉलिड कोअर हा त्यावरचा चांगला पर्याय: कठीण शिसं, वर पॉलिमरचं आवरण, सपाट नाक.

जाता जाता: २०१६ मध्ये अलास्कात एका अनुभवी गाइडने ९ एमएमच्या साध्या पिस्तुलाने चालून आलेलं ग्रिझली (ब्राउन बेअरच) मारलं होतं, ते प्रकरण बरंच गाजलं. लोक त्यातून "९ एमएम पुरतं" असा निष्कर्ष काढतात. नीट वाचलं तर त्यात १४७ ग्रेनची हार्ड कास्ट, सपाट नाकाची गोळी होती. कॅलिबरपेक्षा गोळीची बांधणी तिथे कामी आली. आणि हातही.

गणपुले

ग्लॉकमध्ये उघडं शिसं वापरू नका असा कंपनीचाच सल्ला आहे. मग हार्ड कास्ट कसं चालवायचं?

पुंगळी

चांगला प्रश्न, यावर मंडळी हमरीतुमरीवर येतात.

ग्लॉकच्या नळीत नेहमीसारखे धारदार आटे नसतात, कडा गोलसर असतात, पॉलिगोनल म्हणतात ते. शिसं त्या पृष्ठभागावर थराने चिकटत जातं, नळी आतून अरुंद होते, दाब वाढतो. १० एमएमचा मान्य कमाल दाब मुळातच ३७,५०० पीएसआय आहे, म्हणजे वर फारशी जागा नाही. जुन्या ग्लॉक २० च्या चेंबरमध्ये (काडतूस बसतं त्या नळीच्या मागच्या पोकळीत) तळाशी पुंगळीला आधार थोडा कमी असायचा, त्यामुळे जोरदार भाराच्या पुंगळ्यांवर बुडाशी हसऱ्या तोंडासारखी फुगीर रेघ उमटते. तशी रेघ दिसली तर तो भार त्या नळीत पुन्हा घालू नका आणि ती पुंगळी पुन्हा भरू नका.

उपाय तीन. एक, साध्या आट्यांची आणि पुरा आधार देणारी नळी बदलून टाका. केकेएम, लोन वुल्फ, बार-स्टो यांच्या मिळतात, बसवायला सहसा घासकाम लागत नाही. पण नवी नळी म्हणजे नवी चाचणी, तिचं चेंबर घट्ट असतं आणि थोडी घाणही तिला चालत नाही. दोन, मूळ नळी ठेवा आणि पॉलिमर आवरणाची किंवा अखंड तांब्याची गोळी वापरा. तीन, हार्ड कास्ट फक्त बाळगायला आणि मोजक्या चाचणीला, सराव जॅकेटच्या गोळ्यांवर. प्रत्येक चाचणीनंतर नळी साफ.

नेमाड्या

तिसरा उपाय बहुतेकांना पुरतो. दोन मॅगझिन हार्ड कास्ट झाडल्याने ग्लॉक फुटत नाही. शेकडो गोळ्या न पुसता झाडल्या आणि त्यावर लगेच जॅकेटची जोरदार गोळी घातली की धोका. क्रम लक्षात ठेवा: शिसं, मग साफसफाई, मग जॅकेट. "जॅकेटच्या दोन गोळ्या मारल्या की शिसं निघून जातं" हा सल्ला कुठेही वाचाल तर दुर्लक्ष करा.

कॅस्केडकर

म्हणजे फेडरल सॉलिड कोअर आणि मूळ नळी. सोपं वाटतंय. आता पिस्तूल?

नेमाड्या

ग्लॉक २०: १५ + १ (मॅगझिनमध्ये १५, चेंबरमध्ये एक), नळी ११७ मिमी, भरलेलं वजन १.१ ते १.२ किलो. इतकी वर्षं बाजारात असल्याने होल्स्टर, मॅगझिन, स्प्रिंगा सगळं कुठेही मिळतं. ग्रीनलंडमध्ये कुत्र्यांच्या स्लेजवरून गस्त घालणारं डेन्मार्कचं सिरियस पथक ध्रुवीय अस्वलांसाठी हेच बाळगतं, सोबत जुनी .३०-०६ रायफल. पकड मात्र जाड आहे. आपल्याकडच्या बऱ्याच हातांना अंगठा ते ट्रिगर हे अंतर जास्त पडतं. बोटाचं पहिलं पेर ट्रिगरवर नीट बसत नसेल तर एसएफ (आखूड पकडीचं मॉडेल) किंवा चौथ्या-पाचव्या पिढीचं घ्या, मागची पट्टी काढता येते.

एम अँड पी २.० १० एमएम: तेही १५ + १, नळी ४ किंवा ४.६ इंच. पकड ग्लॉकपेक्षा हातात छान बसते, हे जवळजवळ सगळे मान्य करतात. अंगठ्याच्या सेफ्टीशिवायचं मॉडेल घ्या.

ग्लॉक ४०: नळी सहा इंच, वेग थोडा जास्त, पण छातीवरच्या होल्स्टरमधून काढताना तीच लांबी आडवी येते. ग्लॉक २९ आखूड आहे, २० ची मॅगझिन त्याला चालतात, पण जोरदार भाराने दुसऱ्या गोळीला नेम जुळायला वेळ लागतो. सिगचं पी३२० एक्सटेन, स्प्रिंगफील्डचं एक्सडी-एम ही नालायक नाहीत, पण सुटे भाग आणि होल्स्टर शोधत फिरावं लागतं.

१९११ सुंदर. आठ गोळ्या, अंगठ्याची सेफ्टी, मॅगझिनच्या ओठांवर सगळी भिस्त. सपाट नाकाची गोळी रॅम्पवर (चेंबरकडे नेणाऱ्या उतारावर) अडकली तर रॅम्पची मुद्दाम दुरुस्ती करून घ्यावी लागते. त्याच्यावर वाढलेल्या माणसासाठी ठीक.

पाटीलबुवा

एक शंका. हे सगळं सेमी-ऑटोमॅटिक. अस्वल अंगावर पडलं आणि नळीचं तोंड त्याच्या अंगात रुतलं तर? रिव्हॉल्व्हरवाले हेच म्हणतात.

पुंगळी

आणि बरोबर म्हणतात. पिस्तुलाचं तोंड जोराने दाबलं की स्लाइड (वरचा सरकता भाग) काही मिलिमीटर मागे सरकते, आतला डिसकनेक्टर ट्रिगरचा संबंध तोडतो आणि तो ओढला तरी गोळी सुटत नाही. अर्धा सेंटिमीटर मागे घेतलं की पुन्हा सुटते, पण अस्वल खाली दाबत असताना हे कोणाला सुचणार. शिवाय एक गोळी सुटलीच तर केस, कातडी, रक्त स्लाइडमध्ये शिरून दुसरी अडकू शकते. नळीच्या तोंडापर्यंत किंवा जरा पुढे येणारा दिवा नळीखालच्या रेलवर लावला तर तो टेकतो आणि स्लाइड मोकळी राहते. जुलैत तिथे रात्र अशी फारशी होत नाही, म्हणून उजेडासाठी दिवा नको, पण या कामासाठी विचार करण्यासारखा. अट एकच: होल्स्टर त्या दिव्यासकट बसणारं हवं.

रिव्हॉल्व्हर या एका प्रसंगात वरचढ आहे. बाकी वेळी सहाऐवजी सोळा गोळ्या आणि निम्मा धक्का, हे पारडं जड.

गणपुले

स्प्रिंगचं काय? २२ पाउंडाची स्प्रिंग टाकाच असं सगळीकडे लिहिलेलं असतं.

पुंगळी

टाकाच असं नाही. मूळ स्प्रिंग १७ पाउंडाच्या आसपास. जोरदार भाराने स्लाइड जोरात मागे येते, म्हणून २० ते २२ ची घालतात, त्याने फ्रेमवरचा मार कमी होतो. पण तीच स्प्रिंग स्लाइडला पुढेही तितक्याच जोराने फेकते. मॅगझिनची स्प्रिंग तेवढ्या वेगाने पुढची गोळी वर आणू शकली नाही तर स्लाइड गोळीच्या वरून निघून जाते, किंवा गोळीचं नाक खाली जाऊन रॅम्पवर अडतं. त्यात मनगट ढिलं असेल, एकाच हाताने मारत असाल, तर स्लाइड पुरती मागेच येत नाही आणि पुंगळी बाहेर पडायच्या खिडकीतच उभी अडकते. अस्वलाच्या प्रसंगी मनगट घट्ट असेलच असं गृहीत धरू नका.

माझं मत: पुंगळ्या दोन-तीन मीटरवर पडत असतील तर मूळ स्प्रिंगला हात लावू नका. पाच मीटरच्या पलीकडे उडत असतील तर २० ची लावा, आणि सोबत मॅगझिनची स्प्रिंगही जादा ताणाची. एक बदलून दुसरी न बदलणं, ९० टक्के तक्रारी तिथूनच येतात असं म्हणायचा मोह होतो. आकडा सोडा, पण पहिलं कारण हेच तपासावं.

चाचणी अशी करा. सरावाच्या जॅकेट गोळ्या १५०, त्याने पिस्तूल बसतं. मग बाळगायचा जो भार तो किमान ५०, जितकी मॅगझिन नेणार तितक्या सगळ्यांतून, प्रत्येक मॅगझिन पूर्ण भरून दोनदा. काही गोळ्या फक्त उजव्या हाताने, काही फक्त डाव्या हाताने, काही भिजलेले हातमोजे घालून. एकही अडथळा आला तर मॅगझिनवर मार्करने खूण करून तेच पुन्हा तपासा. दुसऱ्यांदा अडलं तर ते मॅगझिन सरावाच्या पिशवीत. हार्ड कास्टची किंमत एका काडतुसाला दीड-दोन डॉलर पडते, म्हणून लोक दहा मारून थांबतात. त्या दहा गोळ्यांनी काही सिद्ध होत नाही.

रेवा

होल्स्टरबद्दल कोणी लिहिलं नाही. कमरेचं होल्स्टर पाठपिशवीच्या पट्ट्याखाली दबतं, आणि पाण्यात उतरायचे वेडर घातले की ते छातीपर्यंत येतात, मग पिस्तूल आतच राहतं. छातीवर आडवं किंवा तिरकं बसणारं होल्स्टर हवं. चामड्यात वासिलाच्या डायमंड डीचं गाइड्स चॉइस, कायडेक्स या कडक प्लास्टिकमध्ये गनफायटर्सचं केनाई, दोन्ही चालतात. चामडं भिजलं की फुगतं आणि पकड घट्ट होते. पावसाच्या दिवसात कायडेक्स बरं, पण त्यात वाळू गेली की स्लाइडवर ओरखडे.

महत्त्वाचं: ट्रिगर पूर्ण झाकलेला हवा. ग्लॉकला अंगठ्याची सेफ्टी नसते. रेनकोटच्या टोपीची किंवा कमरेची नाडी, तिच्या टोकाचं प्लास्टिकचं मणीवजा कुलूप होल्स्टरमध्ये गेलं आणि पिस्तूल खाली दाबलं, तर चाप ओढला जातो. छातीवरच्या नाड्या कापून टाका किंवा आत शिवून घ्या. होल्स्टरमध्ये घालताना डोळ्यांनी बघत, सावकाश. काढताना घाई असते, ठेवताना कधीच नसते. नळी डाव्या दंडाच्या दिशेला असते हेही विसरू नका. काढताना डावा हात छातीशी चिकटवून ठेवायचा, पुढे नाही.

स्प्रे दुसऱ्या बाजूला, पाठपिशवीच्या पट्ट्यावर किंवा कमरेला. पिशवीच्या आत ठेवलेला स्प्रे मोजू नये.

कॅस्केडकर

चेंबरमध्ये गोळी भरून ठेवायची का? मंडळींना भीती वाटते.

रेवा

भरलेलीच. अस्वल ताशी ५५ किलोमीटरपर्यंत धावतं. तीस मीटर म्हणजे दोन सेकंद. तेवढ्यात दुसरा हात मोकळा करून स्लाइड ओढणं होत नाही, विशेषतः त्या हातात गळ किंवा स्प्रे असताना. भीती असेल तर उपाय म्हणजे झाकलेला ट्रिगर आणि सराव. तेही जमत नसेल तर त्या माणसाने पिस्तूल बाळगू नये, स्प्रेच चांगला. यात कमीपणा काही नाही.

सराव: रिकाम्या पिस्तुलाने, खोलीत एकही जिवंत काडतूस नाही याची खात्री करून, होल्स्टरमधून काढून नेम धरेपर्यंत, रोज वीस वेळा, महिनाभर. मग रेंजवर २० सेंमीची कागदी ताटली सात मीटरवर. काढण्यापासून चार गोळ्या साडेतीन सेकंदांत, चारही ताटलीत. हे दहापैकी आठ वेळा जमेपर्यंत वेग वाढवू नका.

नेमाड्या

नेम कुठे, हेही. समोरून येताना डोकं खाली आणि वर-खाली हलतं, कपाळ मागे उतरतं झालेलं. मेंदू लहान आणि बराच मागे असतो. डोळ्यांच्या वर मारलं तर गोळी हाडाच्या उतारावरून टाळूखालच्या स्नायूत जाते. डोळ्यांच्या रेषेत किंवा जरा खाली, नाकाच्या मुळाशी. आडवं असेल तर पुढच्या खांद्याचं हाड. आणि खूप चालून येणी खोटी असतात, काही मीटरवर अस्वल थांबतं किंवा वळतं. म्हणून पाठ फिरवून पळू नका, आणि लांबवरच्या, नुसत्या उभ्या राहून बघणाऱ्या अस्वलावर गोळी झाडू नका. जखमी अस्वल झुडपात गेलं की पुढच्या वाटसरूचं काय.

वकीलसाहेब

कायद्याचं, कारण यात लोक अडकतात.

खरेदी. हँडगन तुमच्या राहत्या राज्यातल्याच परवानाधारक दुकानातून हातात मिळते. अँकरेजला उतरून विकत घेऊ, हे सिअ‍ॅटलवाल्याला जमणार नाही. वॉशिंग्टन राज्यात जुलै २०२२ पासून १० पेक्षा जास्त गोळ्यांच्या मॅगझिनची विक्री आणि राज्यात आणणं बंद आहे. म्हणजे वर लिहिलेलं "१५ + १" तुमच्यासाठी "१० + १". परतताना अलास्कातून मोठं मॅगझिन आणू नका. जानेवारी २०२४ पासून वॉशिंग्टनमध्ये खरेदीसाठी दहा दिवस थांबावंही लागतं. जुलैची सहल असेल तर खरेदी, चाचणी, सराव धरून मार्चपर्यंत सुरुवात करा.

एच-१बी वाला. तात्पुरत्या व्हिसावरच्या माणसाला संघराज्याच्या कायद्याने बंदूकच काय, काडतूसही बाळगायला सर्वसाधारणपणे मनाई आहे. एक ठळक अपवाद: अमेरिकेतल्या राज्याने दिलेला, मुदत न संपलेला शिकारीचा परवाना. काही राज्यांचे परदेशी नागरिकांसाठी आणखी वेगळे परवाने असतात. मित्राचं पिस्तूल "जरा धर" म्हणून हातात घेणंही या कायद्याच्या कक्षेत येऊ शकतं. इमिग्रेशनची फाइल पणाला लावण्याआधी वकिलाला विचारा. सोपा मार्ग: त्याला स्प्रे द्या.

प्रवास. विमानात पिस्तूल रिकामं, कुलूपबंद कडक पेटीत, काउंटरवर सांगून, फक्त चेक-इन सामानात. काडतुसांवर बहुतेक कंपन्यांची ५ किलोची मर्यादा. बेअर स्प्रे ना केबिनमध्ये ना चेक-इनमध्ये, तो तिथेच घ्यायचा आणि तिथेच सोडून यायचा. गाडीने कॅनडातून जाणार असाल तर हँडगनचा विचार सोडा. तिथे ऑक्टोबर २०२२ पासून हँडगनची खरेदी-विक्री गोठवली आहे आणि प्रवाशाने सीमेवर नशीब आजमावू नये. साधी रायफल किंवा शॉटगन घोषणापत्र भरून नेता येते.

बाळगणं. अलास्कात २१ वर्षांवरच्यांना परवाना लागत नाही. राष्ट्रीय उद्यानांत फेब्रुवारी २०१० पासून त्या त्या राज्याचा कायदा बाळगण्यापुरता लागू आहे, पण संघराज्याच्या इमारतींत, व्हिजिटर सेंटर धरून, मनाई.

अस्वल मारलं गेलं तर. अलास्कात जीव किंवा मालमत्ता वाचवण्यासाठी मारता येतं, पण तुम्हीच डिवचलं असेल किंवा अन्न-कचरा उघडा टाकून बोलावलं असेल तर हा बचाव टिकत नाही. कातडं नखांसकट आणि कवटी काढून मासे व वन्यजीव विभागाकडे जमा करावी लागते, लगेच कळवावं लागतं, लेखी अहवाल १५ दिवसांत. म्हणजे सामानात सुरी हवीच. मोंटाना-वायोमिंगमधली ग्रिझली १९७५ पासून संरक्षित यादीत आहेत, तिथे स्वसंरक्षणात मारलं तर पाच दिवसांच्या आत कळवायचं.

पाटीलबुवा

आमच्या चंद्रपूर-गडचिरोलीकडे मोहफुलं वेचायला पहाटे जाणाऱ्या बायाबापड्यांवर अस्वल धावून येतं. तिथे यातलं काय लागू?

अरण्यवाचक

पिस्तुलाचं काहीच नाही, आणि ते बरंच आहे. आपलं अस्वल पळून जाण्याऐवजी दचकून तोंडावर येतं, तेही दोन-पाच पावलांवरून. तिथे कोणीही काही काढू शकत नाही. मार्च-एप्रिलमध्ये मोह, मग तेंदूपत्ता, दोन्ही वेळा माणूस वाकलेला आणि गप्प असतो. घोळक्याने जाणं, बोलत राहणं, काठी आपटणं, उजाडल्याशिवाय झाडाखाली न शिरणं, हेच कामाचं. वन्यजीव संरक्षण कायद्यात, १९७२ च्या, कलम ११ खाली सद्भावनेने स्वसंरक्षणात प्राण्याला मारणं गुन्हा नाही, पण तो प्राणी सरकारचा.

कॅस्केडकर

मग ठरलं ते असं: ग्लॉक २० पाचवी पिढी, दहाची चार मॅगझिन, मूळ नळी, मूळ स्प्रिंग, फेडरल सॉलिड कोअर पाच पेट्या, सरावाला १८० ग्रेन जॅकेट तीनशे, छातीचं कायडेक्स. स्प्रे दर माणशी एक, अँकरेजहून. एच-१बी वाल्याला फक्त स्प्रे. काही राहिलं?

पुंगळी

दोन बारीक गोष्टी. रोज रात्री पिस्तूल रिकामं करून सकाळी तीच वरची गोळी पुन्हा चेंबरमध्ये घालत राहिलात, तर दर वेळी रॅम्पवर आपटून गोळी पुंगळीत थोडी थोडी आत ढकलली जाते. आतली जागा कमी झाली की दाब वाढतो, आणि १० एमएममध्ये तो धोक्याचा. ती गोळी दोनदा वापरली की बाजूला ठेवा, नव्या काडतुसाशेजारी उभी करून उंची ताडून पाहा. तंबूत मुळात रिकामं करूच नका. होल्स्टरसकट, ठरलेल्या एकाच जागी, स्प्रेच्या शेजारी.

दुसरं, केनाईचं पाणी भरतीच्या पट्ट्यात खारं असतं. संध्याकाळी गोड्या पाण्याने पुसून, स्लाइडच्या खाचांत तेलाचा एकेक थेंब. मॅगझिन उघडून कोरडी करा, त्यांच्या आत तेल नको. वाळू धरून ठेवतं.

रेवा

आणि मॅगझिनवर १, २, ३, ४ असे आकडे घाला. पुंगळीने सांगितलेली अडथळ्याची खूण कुठल्या मॅगझिनची, हे नाहीतर तिसऱ्या दिवशी कोणालाच आठवणार नाही.